खोकल्याचे थेंब सीएफडीत मोजायचे आहेत? आधी खोलीतली हवा नीट करा

प्रश्न थोडक्यात असा: एम.टेक.च्या प्रकल्पासाठी दवाखान्याच्या प्रतीक्षागृहाचं सीएफडी मॉडेल (हवेचा प्रवाह संगणकावर सोडवणारं) करायचं आहे. खोली ६ बाय ४ मीटर, उंची ३ मीटर. एक स्प्लिट एसी, दोन सीलिंग फॅन, एक दार, आणि बसलेली १२ माणसं. त्यातला एक जण खोकतो. थेंब किती लांब जातील, टर्ब्युलन्स मॉडेल (हवेतल्या खळबळीचं गणित) कोणतं घ्यावं, मेश (हिशोबासाठी खोलीचे पाडलेले लहान सेल) किती बारीक हवी, आणि ६४ जीबी रॅमच्या मशीनवर हे निभेल का?

प्रश्नात थेंबांचं वर्णन भरपूर आहे आणि हवेबद्दल जवळजवळ काहीच नाही. अशा प्रकल्पांचं घोडं नेमकं इथेच अडतं. थेंबाचं गणित जुनं आहे, सरळ आहे आणि बरंचसं कागदावर सुटतं. हवा मात्र एसीच्या पट्टीच्या कोनावर, दाराच्या फटीवर आणि माणसांच्या अंगाच्या उष्णतेवर फिरते. ती चुकली की तिच्यावर स्वार झालेला प्रत्येक थेंब चुकतो, आणि चित्र तरीही देखणंच दिसतं.

सॉल्व्हर (सीएफडीचं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी अर्धा तास कागद-पेन घ्या. स्थिर हवेत थेंब किती वेगाने पडतो हे स्टोक्सच्या सूत्राने येतं, वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. बसलेल्या माणसाचं तोंड जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतं असं धरा. १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सूत्रापेक्षा थोडा हळू, सेकंदाला पाव मीटर या वेगाने पाचेक सेकंदांत जमिनीवर. ५० मायक्रॉनचा १६ सेकंदांत. १० मायक्रॉनचा सेकंदाला ३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सात मिनिटं. ५ मायक्रॉनचा सत्तावीस मिनिटं, आणि १ मायक्रॉनचा अकरा तास. आता हे आकडे खोलीतल्या हवेच्या वेगाशेजारी ठेवा. एसी चालू असलेल्या खोलीत सेकंदाला १० ते २० सेंटिमीटर वेग सहज असतो. त्यापुढे ३ मिलिमीटरची काय कथा? म्हणजे १० मायक्रॉनच्या खालचं सगळं हवा नेईल तिकडे जाणार. ‘थेंब किती लांब जातील’ हा प्रश्न मोठ्या थेंबांपुरता ठीक आहे. लहानांसाठी विचारायचं ते हे: कोणत्या खुर्चीवर, किती वेळात, किती माल पोचला?

मग बाष्पीभवन. शेतीच्या फवारणीत वापरतात ते एक सोपं सूत्र इथे कामाचं आहे: शुद्ध पाण्याच्या थेंबाचं आयुष्य सेकंदांत काढायचं तर मायक्रॉनमधल्या व्यासाचा वर्ग घ्या आणि त्याला कोरड्या व ओल्या तापमापीतल्या फरकाच्या ८० पटीने भागा. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला हा फरक सुमारे ७ अंश येतो. तिथे ५० मायक्रॉनचा थेंब साडेचार सेकंदांत उडतो, १०० मायक्रॉनच्याला १८ सेकंद लागतात. म्हणजे ५० वाला जमिनीवर पोचण्याआधी सुकला आणि १०० वाला सुकण्याआधी जमिनीवर पोचला. विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये पडणं आणि सुकणं यांच्यातली हीच शर्यत मांडली, आणि ‘मोठे थेंब’ व ‘हवेत राहणारे’ ही विभागणी तिथून आली. ही सीमा हवामानाप्रमाणे सरकते. जुलैतल्या मुंबईत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर तापमापीतला फरक जेमतेम ३ अंश. ५० मायक्रॉनच्या थेंबाचं आयुष्य दहा सेकंदांवर जातं. मे महिन्यातल्या नागपुरात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला फरक २० अंश. तिथे १०० मायक्रॉनचा थेंबही सहा सेकंदांत सुकतो, म्हणजे जमिनीशी जवळजवळ बरोबरीत. तुमच्या खोलीत एसी आहे, तेव्हा खोलीतलीच आर्द्रता मोजून घाला. हवामान खात्याचा बाहेरचा आकडा इथे चालणार नाही.

यात एक खाच आहे आणि विद्यार्थ्यांच्या निम्म्या रन (सॉल्व्हरच्या फेऱ्या) त्याच खाचेत अडकलेल्या असतात. लाळ म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. साधारण एक टक्का मीठ-प्रथिनं धरली तर पाणी उडाल्यावर मूळ व्यासाच्या पाचव्या भागाचा कण उरतो. ५० मायक्रॉनच्या थेंबाचा १० मायक्रॉनचा कण. सॉल्व्हरमध्ये थेंबाचा पदार्थ म्हणून नुसतं पाणी निवडलंत तर तो पूर्ण उडतो, पार्सल (सॉल्व्हर एकत्र मोजतो तो सारख्या थेंबांचा गठ्ठा) यादीतून पुसलं जातं, आणि ‘दोन मीटरच्या पुढे काहीच गेलं नाही’ असा निष्कर्ष छापून तयार. धोका ज्यात आहे तो सुका कण तुम्ही स्वतःच्या हाताने खोडलेला असतो. मल्टिकॉम्पोनंट पार्टिकल (अनेक घटकांचा थेंब) घ्या, नाहीतर ठरावीक अंश न उडणारा ठेवा.

खोकल्यातून थेंब एकटे बाहेर पडत नाहीत. त्यांच्यासोबत सुमारे ३४ अंशांची, बाष्पाने भरलेली हवेची लाट येते. प्रवाहांच्या अभ्यासक लिडिया बुरुइबा यांनी एमआयटीत केलेल्या चित्रीकरणातून हा ढग नीट दिसला. पुढे भौतिकशास्त्रज्ञ डेटलेफ लोसे यांच्या गटाने २०२१ मध्ये थेट संख्यात्मक सिम्युलेशन (खळबळीचं मॉडेल न घेता प्रवाह थेट सोडवणं) करून दाखवलं, की ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत १० मायक्रॉनचा थेंब या ढगात वेल्सच्या हिशोबापेक्षा तीस पटींहून जास्त टिकतो. म्हणून खोकल्याजवळच्या पहिल्या काही सेकंदांसाठी बाष्प आणि तापमान दोन्हींची समीकरणं सोडवा, आणि थेंब व हवा यांच्यात दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण ठेवा. पण याचा बाऊ करू नका. १० मायक्रॉनचा थेंब वरच्या सूत्राने ०.१८ सेकंदात सुकतो. तीस पट केले तर पाच-सहा सेकंद. समोरासमोर बसलेल्या दोघांसाठी हा फरक मोठा आहे. वीस मिनिटांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर काय पोचलं, या प्रश्नाला तो जवळपास शून्य.

कागदावर किती दूर जाता येतं याचं मला आवडणारं उदाहरण पवईचं आहे. आयआयटी मुंबईचे अमित अग्रवाल आणि रजनीश भारद्वाज यांनी २०२० मध्ये जेटच्या जुन्या सिद्धांतावरून खोकल्याच्या ढगाचं आकारमान काढलं. खोकल्यानंतरची पहिली ५ ते ८ सेकंदं महत्त्वाची, आणि मास्क नसताना ढग सर्जिकल मास्कच्या तुलनेत सुमारे ७ पट, एन-९५ च्या तुलनेत सुमारे २३ पट मोठा. यासाठी त्यांना लाखो सेलची मेश लागली नाही. तुमच्या प्रबंधात असं एक प्रकरण आधी असू द्या. सीएफडीचं उत्तर त्याच्या आसपास आलं नाही, तर का आलं नाही हे शोधायला तरी जागा राहते.

आता हवेकडे. चीनमधल्या ग्वांगझूच्या उपाहारगृहातली कोविडची घटना तुम्ही ऐकली असेल. २४ जानेवारी २०२०, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशीचं दुपारचं जेवण. तिसऱ्या मजल्यावरचा, खिडक्या नसलेला हॉल. शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं, त्यातलं एक वुहानहून आलेलं. पुढच्या दिवसांत या तीन कुटुंबांतली मिळून दहा माणसं बाधित निघाली. बाकीच्या टेबलांवरचं कुणी नाही, वाढपीही नाहीत. पहिल्या रुग्णापासून बाकीच्या टेबलांवरची माणसं मीटरभराहून जास्त अंतरावर होती, म्हणजे मोठे थेंब उडून पडले या स्पष्टीकरणात दम नव्हता. हाँगकाँग विद्यापीठाच्या ली युगुओ यांच्या गटाने त्याच हॉलमध्ये हवेचा माग काढायला इथेन वायू सोडून मोजमाप केलं आणि सोबत सीएफडी केली. एक्झॉस्ट पंखे बंद होते आणि माणशी बाहेरची हवा मिळत होती सेकंदाला फक्त एक लिटरच्या आसपास. एसीचं युनिट त्या तीन टेबलांवरची हवा ओढून पुन्हा त्याच तीन टेबलांवर फेकत होतं, त्यामुळे तिथे एक वेगळं भोवऱ्याचं दालनच तयार झालं होतं.

या अभ्यासावर एक शंका घेता येते. उत्तर माहीत असताना मांडलेलं सिम्युलेशन उत्तराकडे झुकतंच. तरी मी तो प्रमाण मानतो, कारण रंगीत चित्राच्या शेजारी त्याच हॉलमध्ये मोजलेले वायूचे आकडे आहेत आणि दोन्हींत तीच तीन टेबलं वर येतात. नुसत्या चित्रावर मी विश्वास ठेवला नसता.

तुमच्या खोलीला हे थेट लागू होतं. स्प्लिट एसी खोलीत बाहेरची हवा आणत नाही. तो खोलीचीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. तरीही इनलेटला (एसीतून हवा येते त्या फटीला) ‘कण शून्य’ अशी बाउंड्री कंडिशन (सीमेवरची अट) देऊन एसीला शुद्ध हवेचा झरा बनवलेलं मॉडेल आजही बघायला मिळतं. ते करू नका. ओढलेल्या हवेतलं बाष्प आणि कण यांची सरासरी प्रत्येक टाइम स्टेपला (हिशोबाच्या पावलाला) परत इनलेटवर चढवा, तापमान तेवढं कमी करा. घरगुती एसीच्या जाळीने मोठा कचरा अडतो, दोन-तीन मायक्रॉनचा कण फारसा नाही. त्यामुळे गाळणीची कार्यक्षमता मोजलेली नसेल तर शून्य धरा.

बाहेरच्या हवेचा हिशोब करू. खोलीचं आकारमान ७२ घनमीटर. दार बंद, फटींतून तासाला अर्धी खोली बदलते असं धरलं तर ३६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १० लिटर. १२ माणसांत वाटले की माणशी ०.८३ लिटर. ग्वांगझूच्याच पंक्तीत बसलो की आपण! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात आरोग्यसेवेबाहेरच्या इमारतींसाठीही माणशी १० लिटर सांगितले होते. तुमच्या खोलीला ते १२० लिटर होतात, म्हणजे तासाला ४३२ घनमीटर किंवा सहा वेळा हवाबदल. यासाठी एक बेताचा एक्झॉस्ट फॅन आणि हवा आत यायला वाट, एवढं पुरतं. आणि गंमत बघा, ०.५ हवाबदलाच्या खोलीत ५ मायक्रॉनचे कण जमिनीवर बसण्याचा वेग तासाला ०.९ येतो, वायुविजनाहून जास्त. १ मायक्रॉनच्या कणांसाठी तोच ०.०४ सुद्धा नाही. म्हणून ‘कण’ असा एकच आकार घेऊन रन करू नका. निदान १, ५, २०, ५० आणि १०० असे गट तरी वेगळे चालवा.

सीलिंग फॅनबद्दल बोलायचं तर आपल्याकडच्या खोल्यांचं खरं चरित्र तोच ठरवतो, आणि परदेशी शोधनिबंधांत तो क्वचितच भेटतो. १२०० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला सुमारे २०० घनमीटर हवा हलवतो. तुमचे दोन पंखे मिळून खोलीभर हवा दर अकरा सेकंदांनी पात्यांतून काढतील. मग कोणती खुर्ची कुठे, एसी कुठल्या भिंतीवर, याला फारसा अर्थ उरत नाही. खोली काही मिनिटांत एकजीव होते आणि वेल्स-रायली समीकरणाची (एकजीव हवेच्या खोलीत संसर्गाची शक्यता देणाऱ्या) एक ओळ जवळजवळ तेच उत्तर देते. पंखे चालू असलेली स्थिती एकदा करून हे दाखवा, आणि प्रकल्पाचा मुख्य भाग पंखे बंद-एसी चालू या स्थितीवर ठेवा. सीएफडीची गरज तिथेच आहे. पंख्यासाठी पात्यांची भूमिती काढत बसू नका. एक चकती घेऊन तिच्यात खालच्या दिशेचा आणि थोडा गोल फिरवणारा संवेग दिला की काम होतं.

माणसांना विसरू नका. बसलेला माणूस सुमारे ७५ वॅट जाणवणारी उष्णता सोडतो आणि त्यातली साधारण निम्मी किरणोत्सर्गाने भिंतींकडे जाते. मॉडेलमध्ये रेडिएशन घेत नसाल तर अंगावर ३५ ते ४० वॅटच द्या, नाहीतर डोक्यावरच्या उष्ण झोताला दुप्पट उष्णता मिळून तो जास्त जोराचा होईल आणि सगळे कण छताला चिकटलेले दिसतील. गरम हवेला वर उचलणाऱ्या बलासाठी बूसिनेस्क गृहीतक (घनतेतला फरक फक्त या बलातच धरायचा) या तापमानांना पुरेसं आहे.

टर्ब्युलन्स मॉडेलवर लोक वाद घालतात तेवढा तो इथे निर्णायक नाही. खोलीच्या पार्श्वभूमीच्या प्रवाहासाठी आरएनजी के-एप्सिलॉन किंवा के-ओमेगा एसएसटी घ्या, दोन्ही सरासरी प्रवाह देणारी मॉडेलं. दोन्ही चालवून फरक नोंदवा, तो फरक हीच तुमची एक त्रुटीरेषा. खोकल्याच्या पहिल्या चार-पाच सेकंदांना मात्र सरासरीचं मॉडेल न्याय देत नाही, तिथे एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत) हवं. सगळी खोली वीस मिनिटं एलईएसने चालवणं तुमच्या मशीनवर शक्य नाही आणि गरजेचंही नाही. तोंडासमोर दोन-अडीच मीटरची पेटी काढा, तिच्या सीमांवर आधीच्या रनमधली हवा द्या, फक्त तिच्यात एलईएस करा, आणि पाच सेकंदांनंतरचे कण उचलून मोठ्या खोलीत सोडा.

डीपीएममध्ये (कणांचा माग ठेवणाऱ्या मॉडेलमध्ये) डिस्क्रीट रँडम वॉक (खळबळीचे यादृच्छिक धक्के) चालू करताना एक परीक्षा घ्याच. सरासरीच्या मॉडेलमधले यादृच्छिक धक्के सगळ्या दिशांना सारखे धरले जातात. भिंतीजवळ ते खरं नसतं, त्यामुळे लहान कण भिंतींवर खोटेच जमा होतात, आणि जिथे टर्ब्युलन्स कमी तिथे कण आपोआप साठतात. परीक्षा सोपी आहे: वस्तुमान नसलेले कण सगळ्या खोलीत सारखे पेरा आणि दहा मिनिटं फिरू द्या. पेरणी सारखीच राहिली पाहिजे. कुठे दाटी, कुठे मोकळं असं झालं, तर तुमचं मॉडेल कणांचे खोटेच साठे निर्माण करतंय. तसं झालं तर १ आणि ५ मायक्रॉनच्या गटांसाठी लाग्रांजी कण (एकेकाचा माग ठेवलेले) सोडूनच द्या. पॅसिव्ह स्केलर (हवेसोबत वाहणारं नुसतं प्रमाण) घ्या, त्याला खाली बसण्याचा वेग जोडा. स्वस्त पडतं, आणि वाचकाला समजावणंही सोपं जातं.

मेशचा हिशोब आकड्यांत बघा. सगळीकडे ५० मिलिमीटरचे सेल घेतले तर पावणेसहा लाख. २५ मिलिमीटर केले तर ४६ लाख. तोंडाचं उघडं क्षेत्र चार चौरस सेंटिमीटरच्या आसपास, तिथे २ मिलिमीटरचे सेल हवेत. तेच सगळ्या खोलीत पसरायचे म्हटलं तर ९ अब्ज! म्हणून तोंड, एसीची फट, दाराची फट आणि माणसांभोवतीचा थर एवढ्याच ठिकाणी बारीक करा. खोकल्याचा वेग सेकंदाला १० मीटर आणि सेल २ मिलिमीटरचा, तर टाइम स्टेप ०.२ मिलिसेकंदाच्या पुढे नको. अर्ध्या सेकंदाच्या खोकल्याला अडीच हजार पावलं. त्यानंतर पावलं मोठी करता येतात.

पडताळणी दोन पायऱ्यांत करा. आधी ॲनेक्स २० ची प्रसिद्ध खोली (सीएफडी तपासायची नमुना खोली): डेन्मार्कचे पीटर नील्सन यांच्या प्रयोगांवर आधारलेली, ९ मीटर लांब, ३ मीटर उंच, छतालगतच्या १६.८ सेंटिमीटरच्या फटीतून सेकंदाला ०.४५५ मीटर वेगाने येणारी हवा. हे जमत नसेल तर खोकल्यापर्यंत जाऊच नका. मग तुमची प्रत्यक्ष खोली. दवाखाना बंद झाल्यावर, खोलीत माणसं बसून गेल्यानंतर कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवा. बाहेरच्या पातळीहून जास्तीचं प्रमाण निम्मं व्हायला ८३ मिनिटं लागली तर हवाबदल तासाला ०.५, सात मिनिटं लागली तर सहा. उदबत्ती लावून मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात धूर कुठे वळतो ते खुर्चीगणिक टिपा. परीक्षकांना हे गावठी वाटलं तरी वाटू दे. दिशा चुकलेली मॉडेलं यात लगेच उघडी पडतात.

निकाल मांडताना एका खोकल्याचं ॲनिमेशन पहिल्या पानावर नको. तो एक योगायोग आहे. डोकं दहा अंश वळलं, एसीची पट्टी हलली, की दुसरंच चित्र येतं. तोंडाची दिशा, खोकल्याचा क्षण आणि जोर बदलत रन करा आणि प्रत्येक खुर्चीच्या श्वासक्षेत्रात वीस मिनिटांत आत गेलेलं कणांचं आकारमान, त्याचा मध्य आणि पसारा द्या. पार्सलची संख्या दुप्पट करून आकडा हलतो का तेही बघा. दूरच्या खुर्चीवर बारा-पंधरा पार्सलच पोचली असतील तर तो आकडा छापण्याच्या लायकीचा नाही.

६४ जीबी रॅम पुरते. दहा लाख सेलना एक ते दोन जीबी धरा. तीस-चाळीस लाख सेलची खोली आणि एलईएसची पेटी वेगवेगळी चालवलीत तर अडचण येणार नाही, वेळ मात्र खाईल. ओपनफोम हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि यातलं सगळं त्यात होतं, पण एसीची परत फिरणारी हवा जोडायला थोडं कोड लिहावं लागेल. प्रकल्पाच्या निधीत पैसे उरत असतील तर ग्राफिक कार्डाऐवजी हॉट-वायर ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) घ्या आणि एसीच्या तोंडाशी, पट्टीच्या तुम्ही ठरवलेल्या कोनात, डावीकडून उजवीकडे आठ-दहा ठिकाणी वेग मोजा. कॅटलॉगमधला सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) भागिले क्षेत्रफळ असा एकसारखा वेग इनलेटला देऊ नका. त्या फटीतून मधे आणि कडेला हवा सारखी येत नाही.